६ की ३?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी जाताना एक कार्ड देतात. कोणत्या औषधाचे थेंब, कोणत्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा आणि किती आठवडे, हे त्यावर लिहिलेलं असतं. स्टेरॉइडचे थेंब एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात. मी ज्या रुग्णालयाचं काम करत होते तिथली पद्धत अशी: पहिल्या आठवड्यात ६ वेळा, दुसऱ्यात ५, मग ४, ३, २ आणि शेवटी १. म्हणजे कार्डावरचा सगळ्यात मोलाचा मजकूर कुठला, तर हे सहा आकडे. त्यातला एक जरी चुकीचा वाचला गेला तरी थेंब कमी पडतात किंवा जास्त होतात, आणि थेंब वेळेआधी कमी झाले तर बरा होत आलेला डोळा पुन्हा सुजू शकतो.

हे कार्ड नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा फॉन्ट आधीच ठरलेला होता. रुग्णालयाने नुकताच नवा लोगो करून घेतला होता आणि त्यासोबत सगळ्या छपाईसाठी एक देवनागरी फॉन्टही नक्की केला होता. फॉन्ट सुंदर होता, हे मनापासून सांगते. कंपासने काढावी तशी गोलाई, सगळीकडे सारख्या जाडीची रेघ. मोठ्या पाटीवर तो फारच देखणा दिसायचा. पण कार्डाचा मजकूर त्यात लावला, खऱ्या मापात छापून हातात घेतला, आणि मन मानेना. ६ आणि ३ ही जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं झाली होती. दोन्हींची तोंडं मिटत आलेली, शेपट्या तोकड्या. माझ्या डोळ्यांना फरक कळत होता, पण हे कार्ड माझ्या डोळ्यांसाठी नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट कळली आणि तिने सगळं कामच बदलून टाकलं. शस्त्रक्रियेत बसवलेली साधी लेन्स बहुधा लांबचं दिसण्यासाठी असते, त्यामुळे जवळचं वाचायला चष्मा लागतोच. पण हा नवा चष्मा लगेच देत नाहीत. डोळा स्थिरावेपर्यंत काही आठवडे थांबतात. थेंबांचं वेळापत्रक नेमकं याच आठवड्यांत चालतं. म्हणजे ज्या काळात माणसाकडे वाचायचा चष्मा नसतो, त्याच काळात त्याने हे कार्ड दिवसातून अनेकदा वाचायचं असतं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल तर आणखी धूसर. घरात वाचून दाखवणारं कोणी असेलच असं नाही.

अंतिम मंजुरीची बैठक दुपारी होती. त्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसू द्या, एवढीच विनंती मी केली होती. तिथल्या मुख्य सिस्टरांनी ती आनंदाने मान्य केली. मी दोन प्रकारची कार्डं छापून नेली. मजकूर, माप, कागद, शाई सगळं तेच. फरक फक्त फॉन्टचा.

दुसरा फॉन्ट कसा निवडला ते जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या कामात हीच पायरी बहुतेकदा घाईत उरकली जाते. फॉन्टच्या यादीत नमुना म्हणून जी दोन-चार गुळगुळीत अक्षरं दिसतात, त्यावरून काहीही ठरवता येत नाही. मी कार्डाच्या मजकुरातले अवघड शब्द वेगळे काढले. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’, कारण ऱ्य मधला अर्धा र अनेक फॉन्टमध्ये नीट जुळत नाही, आणि आठवड्यांच्या वेळापत्रकात तो पावलोपावली येतो. ‘डोळ्यात’, कारण ळ्य. ‘ॲलर्जी’, कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, २००८ साली आलं आणि जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी कोरा चौकोन दिसतो. ‘स्वच्छ’, ‘डॉक्टर’, ‘उघडल्यावर’. आणि औषधांची नावं: मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, प्रेडनिसोलोन. इतकी जोडाक्षरं एका शब्दात बसवताना फॉन्टची खरी परीक्षा होते.

मग एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या. ब आणि व, घ आणि ध, थ आणि य, भ आणि म. कार्डावर ‘बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका’ असं वाक्य होतं. ब च्या पोटातली तिरकी रेघ बारीक असली की ती पुसट होते आणि ‘वाटली’ वाचलं जातं. रेघ फार जाड असली की पोट भरून जातं, मग ब नुसता काळा ठिपका. ‘हात धुवा’ मधला ध, ‘थेंब’ मधला थ, सगळ्यांची हीच कथा. अक्षराच्या आतली पोकळी जितकी मोकळी, तितकं ते धूसर नजरेला तग धरतं. म्हणूनच ‘वाचता येत नाही ना, मग बोल्ड करा’ हा सल्ला मला पटत नाही. देवनागरीत खूप जाड रेघ पोकळ्या खाऊन टाकते. मध्यम किंवा त्याहून किंचित जास्त जाडी बहुतेकदा जास्त वाचनीय ठरते.

चाळणीत शेवटी तीन उरले: मुक्त, हिंद आणि नोटो सान्स देवनागरी. तिन्ही खुल्या परवान्याचे. ही बाब छोटी नाही, कारण रुग्णालयात हे कार्ड निरनिराळ्या संगणकांवरून निघणार होतं आणि प्रत्येक यंत्रावर फॉन्ट कायदेशीरपणे बसवता यायला हवा होता. मी मुक्त घेतला. ‘एक टाइप’ या संस्थेने केलेल्या या फॉन्टमध्ये सात जाड्या आहेत, त्यामुळे आकड्यांसाठी एक आणि सूचनांसाठी दुसरी जाडी निवडायला वाव मिळतो. त्याच्या आकड्यांची तोंडं उघडी आहेत. आणि सोबतची रोमन अक्षरं शेजारी परकी वाटत नाहीत. बाटलीवर औषधाचं नाव रोमन लिपीतच असतं, ते कार्डावरही तसंच छापल्याशिवाय माणूस बाटली ओळखणार कशी?

मापाचंही सांगते. दृष्टी कमी असलेल्यांसाठी मोठ्या अक्षरांची छपाई म्हणजे १६ पॉइंट किंवा त्याहून मोठी, असं सर्वसाधारणपणे मानतात. पण ते मोजमाप रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आलेलं आहे. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा ठेवावी लागते, त्यामुळे एकाच पॉइंटमध्ये एका फॉन्टचं अक्षर ठसठशीत तर दुसऱ्याचं चिमुकलं दिसतं. म्हणून मी पॉइंटवर विसंबत नाही. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजते आणि दोन्ही कार्डांवर ती सारखी ठेवते. तसं केलं नसतं तर त्या दिवशीची तुलना न्याय्य झाली नसती.

सकाळी पहिले आजोबा आले ते आदल्या दिवशीच शस्त्रक्रिया झालेले, पट्टी नुकतीच काढलेली. मी ब्रँडच्या, म्हणजे रुग्णालयाने ठरवलेल्या फॉन्टचं कार्ड हातात दिलं. “आजोबा, पहिल्या आठवड्यात किती वेळा थेंब घालायचे, सांगता का?” त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. “तीन.” मग खालच्या ओळींवर बोट फिरवत चौथ्या ओळीशी थांबले. “इथेपण तीनच आहे की. म्हणजे बदल काहीच नाही?” तिथे खरोखरच ३ होता. पहिल्या ओळीत ६ होता.

त्यांच्यानंतरच्या आजींनी मात्र सगळे आकडे बरोबर सांगितले. मी विचारलं, “स्पष्ट दिसले का?” त्या म्हणाल्या, “दिसले कुठे? उतरत चाललेत ना, म्हणून ओळखले.” हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. त्यांनी अक्षर वाचलं नव्हतं, क्रमावरून अंदाज बांधला होता. पण सगळ्यांचा क्रम सारखा नसतो. एखाद्याला डॉक्टर वेगळं वेळापत्रक देतात आणि तिथे अंदाजाला आधारच उरत नाही. अशा चाचणीत बरोबर उत्तरावर थांबायचं नसतं. ते कशाच्या जोरावर आलं, तेही विचारायचं असतं.

पुढे माणसं येत गेली, मी कार्डांचा क्रम आलटून पालटून देत गेले. दुसऱ्या कार्डावर सगळ्यांनाच लख्ख वाचता आलं असं नाही. काहींना काहीच वाचता येत नव्हतं, त्यांना फॉन्टने काय मदत होणार? पण जे चाचपडत वाचू शकत होते त्यांच्यात फरक उघड दिसत होता. मुक्तमधला ६ कोणी ३ वाचला नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंनी मात्र माझ्या कार्डावर बोट ठेवलं. “अहो, ‘डोळा लाल झाल्यास’ यातला ल आपला नाही. हिंदीचा आहे.” त्यांची नजर धूसर असूनही ते त्यांना खटकलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. मराठी वळणात ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर ती आपोआप येतात, नसतील तर नाही. ज्या पिढीने पाटीवर तो ल गिरवला, तिच्यासाठी छापायचं तर ही बाब शोभेची म्हणून सोडून देता येत नाही. ओळखीचं रूप नजर पटकन पकडते. त्या बाईंचं म्हणणं मी कार्डाच्या कडेलाच लिहून घेतलं.

मग सिस्टरांनी कपाटातून सध्या वापरात असलेलं कार्ड काढून दिलं. “छापील संपली की आम्ही झेरॉक्स काढतो. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स.” ते कार्ड पाहून पोटात गोळा आला. बारीक रेघा उडालेल्या, अनुस्वार गायब, जाड अक्षरांच्या पोकळ्या भरलेल्या. मी तिथल्याच यंत्रावर माझ्या दोन्ही कार्डांच्या प्रतीच्या प्रती काढल्या. ब्रँडच्या फॉन्टमध्ये ‘बाटली’ची ‘वाटली’ झाली. मुक्तमध्ये ब शाबूत राहिला, पण सूचनांसाठी घेतलेली हलकी जाडी मार खाऊन गेली. तिथेच ठरवलं, हलकी जाडी या कार्डावर कुठेच नको.

दुपारच्या बैठकीत प्रसिद्धी विभागाच्या मॅडमनी त्यांची बाजू ठामपणे मांडली, आणि ती चुकीची नव्हती. “आपली प्रत्येक वस्तू एकाच घरातली वाटली पाहिजे. आज कार्डाला सूट दिली, उद्या पावतीला देऊ.” मी वाद घातला नाही. ट्रेसिंग पेपरचे दोन तुकडे नेले होते, ते दोन्ही कार्डांवर ठेवले आणि टेबलावरून सरकवले. “मॅडम, चष्मा काढून पहिली ओळ वाचाल का?” त्यांनी वाचली. मग दुसरं कार्ड घेतलं. मग पुन्हा पहिलं. वैद्यकीय संचालक सर शेजारून वाकून पाहत होते. ते म्हणाले, “माझ्या पेशंटला पहिल्या दिवशी साधारण असंच दिसतं.” सकाळचे कागदही मी पुढे ठेवले. आजोबांचं ‘इथेपण तीनच’ वाचल्यावर सर काही क्षण बोलले नाहीत, मग म्हणाले, “आकडे बदला. आधी आकडे.”

तोडगा मॅडमनीच सुचवला, आणि तो माझ्या मूळ कल्पनेपेक्षा चांगला होता. मुखपृष्ठ आणि रुग्णालयाचं नाव ब्रँडच्या फॉन्टमध्ये, मोठ्या मापात, जिथे तो खरोखर खुलतो. आतला, वाचून कृती करायचा सगळा मजकूर मुक्तमध्ये. मी एक अट घातली: मुखपृष्ठावरच्या नावात अक्षरांमध्ये जे जास्तीचं अंतर टाकलं होतं ते काढायचं. रोमन मोठ्या अक्षरांना असं अंतर शोभतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तेही मान्य झालं.

उरलेल्या वेळात आम्ही तिघांनी मिळून कार्ड पुन्हा मांडलं. आकड्यासोबत ‘सहा वेळा’ असं अक्षरी, आणि पुढे खूण करायला तितकेच चौकोन, म्हणजे आकडा दिसला नाही तरी चौकोन मोजता येतील. पांढऱ्यावर काळी शाई, ब्रँडचा फिकट निळा फक्त कडेच्या पट्टीत. चकचकीत आर्ट पेपरऐवजी मॅट कागद, कारण झळाळी या डोळ्यांना सोसत नाही. ओळींमधलं अंतर वाढवलं, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत शिरणार नाही इतकं. ‘लाल’ आणि ‘प्रकाश’ मराठी वळणात येतात ना, ते छापील प्रतीवर तपासून मगच सही घ्यायची ठरली. आणि झेरॉक्स थांबवता येत नसेल तर निदान मूळ पीडीएफ वॉर्डातल्या संगणकावर ठेवायची, फॉन्ट आत बसवलेली, म्हणजे प्रत दरवेळी मूळ फाइलवरूनच निघेल.

औषधांच्या नावांवर बराच वेळ गेला. अमेरिकेत दिसायला सारखी नावं वेगळी कळावीत म्हणून त्यांतला वेगळा भाग मोठ्या लिपीत छापतात. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही जोडी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही. आम्ही नावाच्या वेगळ्या भागाला जाडी देऊन पाहिलं, पण शब्दाच्या मधेच जाडी बदलली की शिरोरेघ पायरीसारखी दिसते आणि नजर अडखळते. शेवटी देवनागरी नाव सरळ ठेवलं, खाली रोमन नाव बाटलीवर असतं तसं, आणि शेजारी बाटलीच्या झाकणाचा रंग छापला.

निघताना सरांनी मधुमेह विभागाचं इन्सुलिनचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. पहिल्याच ओळीत मात्रा ‘५.० युनिट’ अशी छापलेली होती. टिंब पुसट झालं की ते ५० वाचलं जातं. औषध-सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्था पूर्णांकापुढचं असं शून्य लिहूच नका म्हणतात ते यासाठीच. मी पेन काढलं आणि तिथेच ‘.०’ वर काट मारली. त्या कार्डाचा संपूर्ण मजकूर आणि वॉर्डात फिरणारी एक जुनी झेरॉक्स, दोन्ही सोबत घेऊन आले.