व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घरी बांधताना

पहिलाच व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प बांधायचा असेल तर फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या चॅम्पचं, म्हणजे ५एफ१चं सर्किट घे, असं जाणकार सांगतात. मीही तेच घेतलं. तीनच व्हॉल्व्ह: प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७ (याचे दोन अर्धे म्हणजे दोन स्टेज), आउटपुटला एकटा ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. नॉब एकच, व्हॉल्यूमचा. निघतात सुमारे पाच वॅट. पण बंद खोलीत पूर्ण सोडून बघा, शेजारी येतील विचारायला.

पार्ट बोर्डावर सोल्डर करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरा वेळ खाल्ला वायरिंगने. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट एसी जातो, त्या दोन वायरींना घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कडेने नेल्या आणि ग्रिडच्या (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीच्या) वायरी शक्य तितक्या आखूड ठेवल्या.

पॉवर देण्याआधी एक गोष्ट पक्की केली. यात तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर ते धरून बसू शकतात. मल्टिमीटरवर आकडा शून्याशी आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. पहिल्यांदा चालू करताना मेन्सला सिरीजमध्ये फिलामेंटचा बल्ब लावला. शॉर्ट असता तर तो भगभगून पेटून राहिला असता. क्षणभर उजळला आणि मंदावला. स्पीकर आधीच जोडलेला होता, कारण लोडशिवाय वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणि अ‍ॅम्प किंचाळला! हे अपेक्षितच होतं. स्पीकरकडून निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे मूळ सिग्नल थोडा कमी करणारा सिग्नल, मागे जातो. फेज उलटी असली की तोच पॉझिटिव्ह होतो. ट्रान्सफॉर्मरच्या वायरींच्या रंगावरून ती कळेलच असं नाही, म्हणून प्रायमरीच्या (६व्ही६कडच्या) वायरी मुद्दाम लांब सोडल्या होत्या. अदलाबदल केली, किंचाळी गेली.

राहिली गुणगुण. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तशीच, आणि व्हॉल्यूम पहिल्या स्टेजनंतर येतो, म्हणजे इनपुट आणि पहिली स्टेज संशयातून सुटली. अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढला, परत चालू केला, तर शांत. म्हणजे पॉवर सप्लाय आणि ६व्ही६ही सुटले. दोष उरला १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्यात. मग व्हॉल्व्ह परत बसवून, एक हात मागे ठेवून, कोरड्या लाकडी काडीने वायरी हळूच हलवत गेलो. दुसऱ्या स्टेजच्या ग्रिडची वायर हीटरच्या वायरीला समांतर चालली होती, ती उचलली की आवाज पडायचा. ती काटकोनात ओलांडून नेली, हीटरच्या दोन्ही बाजूंकडून ग्राउंडला १००-१०० ओहमचे रेझिस्टर दिले. आता कान स्पीकरला लावला तरच काय ते ऐकू येतं. महागडे कपॅसिटर घेऊन गुणगुण घालवू पाहणाऱ्यांनी आधी ही काडी हातात घ्यावी.

शेवटी ६व्ही६चं बायस, म्हणजे काही न वाजवता त्यातून वाहणारा करंट. ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १८ व्होल्ट दिसले, म्हणजे साधारण ३८ मिलीअँपिअर. प्लेट आणि कॅथोडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन टोकांमध्ये, ३१० व्होल्ट. गुणाकार बारा वॅटच्या जरा आत. त्यातही थोडा करंट स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी), प्लेटचा नाही. जुन्या डेटाशीटची मर्यादाही बाराच, तेव्हा चालेल.

मूळ चॅम्पमध्ये आठ इंची स्पीकर असे. ओहम तेवढेच ठेवून बारा इंची लावून पाहिला, तर खालच्या तारा भरून वाजायला लागल्या. पेटी आता त्याच मापाची करतोय.