चाकोरीखालची माती निर्दोष निघाली

साखर कारखान्याच्या फाटकासमोरचा रस्ता तसा नवाच. तरी डाव्या बाजूला, उसाच्या ट्रॉल्या रांगेत ताटकळतात तिथे, खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. सगळ्यांनी खापर फोडलं खालच्या काळ्या मातीवर. रस्ता उकरून मुरमाचा नवा भराव टाकायचा प्रस्तावही तयार होता. मला ते पटेना. फाटकापासून थोडं मागे त्याच भरलेल्या ट्रॉल्या न थांबता येतात. तिथेही तीच माती, तेच डांबर. पण रस्ता धड होता.

हंगाम संपल्यावर, ऐन एप्रिलच्या उन्हात, आम्ही आडवा चर घेतला. डांबरी थर करवतीने सरळ कापला, चराची भिंत धुऊन काढली, थरांच्या सीमांवर खडूने रेघा मारल्या आणि वर दोरी ताणून मापं घेत गेलो. मातीची रेघ सरळ. खडीच्या थराचीही सरळ. वरचा डांबरी थर मात्र चाकाखाली निम्म्याने पातळ झालेला आणि चाकोरीच्या दोन्ही कडांना फुगलेला. माल बाजूला सरकला होता!

रस्त्याच्या आराखड्याचं गणित चुकलं नव्हतं. थरांवरचा ताण मोजणारी आयआयटीपेव्ह ही संगणक प्रणाली प्रत्येक थर लवचिक धरते. भार गेला की थर पूर्ववत. चाकांच्या एका आसावर ८० किलोन्यूटनचा भार आणि ३५ अंशांना व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराच्या मिश्रणाचा २००० मेगापास्कल मापांक, म्हणजे ताठपणा, धरून विकृती, म्हणजे थरांचं दबणं-ताणणं, मर्यादेतच येत होत्या. पण आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या आराखड्याच्या भारतीय मार्गदर्शिकेत चाकोरीचा निकष मातीच्या माथ्यावरच्या उभ्या विकृतीवर बेतलेला आहे. डांबराचं वाहणं त्यात येत नाही. व्हीजी-३०चा मृदुबिंदू, म्हणजे डांबर मऊ पडतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा लागतो, आणि उन्हात काळा पृष्ठभाग ६० च्या आसपास जातो. त्यावर भरलेली ट्रॉली तासन्‌तास उभी! धावत्या चाकाचा भार क्षणभराचा असतो, तेवढ्यात डांबर ताठ राहतं. उभ्या चाकाखाली ते मधासारखं हळूहळू सरकतं.

मागच्या धड भागातून काढलेले कोर, म्हणजे डांबरी थराचे गोल नमुने, प्रयोगशाळेत ५० अंशांच्या पाण्यात ठेवून त्यांवर लोखंडी चाक फिरवलं. तिथेही तशीच चाकोरी उमटली.

एका चराच्या खर्चात हे कळतं, आणि तरी लोक आधी माती उकरायला निघतात, याची मला खरोखर चीड येते. भरावाचा प्रस्ताव मागे पडला. रांगेच्या टप्प्यातला डांबरी थर खरवडून तिथे व्हीजी-४० या अधिक ताठ डांबराचं, जाड खडीचा सांगाडा असलेलं मिश्रण टाकायचं ठरलं. त्या मिश्रणाची क्रीप चाचणी, म्हणजे सततच्या भाराखाली ते किती सरकतं याची चाचणी, उभ्या भाराखाली, एप्रिलच्या तापमानाला घ्यावी, ही अट मी आग्रहाने अहवालात घातली.