काळजीत पडलेली सिगारेट

इंग्रजी कादंबऱ्या वाचायला लागले तेव्हा धास्ती होती अवघड शब्दांची. अडले मात्र सोप्यांपाशी. 'ही स्मोक्ड अ वरीड सिगारेट.' एकही शब्द नवा नाही, पण काळजीत पडलेली सिगारेट म्हणजे काय? शब्दकोश चाळून हाती काही लागलं नाही, आणि वाक्य सोडून पुढे जाववेना.

उत्तर मराठीतच होतं. आपण 'आंधळं प्रेम' म्हणतो. आंधळा असतो प्रेम करणारा. इंग्रजीत याला 'ट्रान्सफर्ड एपिथेट' म्हणतात: माणसाचं विशेषण शेजारच्या वस्तूला जोडायचं. पी. जी. वुडहाउस यांनी विनोदासाठी ही युक्ती भरपूर वापरली आहे. तेव्हापासून मी आधी विचारते, हा गुण नक्की कुणाचा? मग ते घाईचे झुरके, झाडायची राहिलेली राख, सगळं दिसायला लागलं. लेखकानं यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं!

खरी पंचाईत पुढची. कुठला प्रयोग लेखकाचा आणि कुठला भाषेत रुळलेला, हे शिकणाऱ्याला कसं कळावं? 'अ लाउड शर्ट' वाचून मी हरखले होते, शर्टाला आवाज देणाऱ्या लेखकाचं कौतुक वहीत उतरवलं होतं. कोशात पाहिलं तर 'लाउड'खाली भडक कपड्यांचा अर्थ सरळ दिलेला. 'गोड गळा' म्हणताना आपल्याला तरी जिभेची चव कुठे आठवते?

आता आधी शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडते. माझा कोलिन्स कोबिल्ड. १९८७ साली पहिल्यांदा निघालेला हा कोश पूर्ण वाक्यात अर्थ सांगतो, त्यामुळे शब्दाची ऊठबस कुणाबरोबर आहे तेही समजतं. प्रयोग तिथे सापडला, तर तो भाषेचा. नाही सापडला, तर बहुधा लेखकाचा, आणि मग तिथे रेंगाळायचं. 'द रोड स्नेक्ड' मात्र चटकन सुटलं. 'स्नेक' क्रियापद म्हणूनही कोशात आहे, आणि आपला नागमोडी रस्ता तोच.

गेल्या आठवड्यात 'ॲन अनफरगिव्हिंग चेअर' भेटली. कोशात माफ न करणारा माणूस होता, खडतर प्रदेश होता, खुर्ची नव्हती. नुसती कडक बैठक म्हणावी, तर त्या बाईनं पाठ टेकल्याचाही उल्लेख नव्हता. मागची चार पानं पुन्हा वाचली. ती बहिणीच्या घरी वाट पाहत बसली होती, आणि बहीण आतल्या खोलीचं दार उघडत नव्हती.