तिला दिसत नव्हतं, मग ती नाचायची कशी?

बॅलेवर कुठेही चार शब्द बोलले आणि त्यात क्यूबाची नर्तकी आलिसिया आलोन्सो हिचं नाव निघालं, की नंतर कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतंच, "तिला खरंच दिसत नव्हतं? मग ती नाचायची कशी?" स्वरात थोडा संशय असतो. बाईंनी आपली दंतकथा आपणच पसरवली असणार, असा. आजवर मी "दिव्यांच्या अंदाजानं" एवढंच सांगून सटकत आले. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. आज तुम्हीही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

आधी "दिसत नव्हतं" म्हणजे काय ते पाहू. ती जन्मांध नव्हती. १९२० साली हवानात जन्मली, तिथेच बॅलेचे पहिले धडे गिरवले, सोळाव्या वर्षी फर्नांदो आलोन्सोशी लग्न करून न्यूयॉर्कला आली, वर्षभरात आईही झाली, आणि नाच चालूच राहिला. १९४१ मध्ये, विशीत, तिच्या डोळ्याचा पडदा सरकल्याचं निदान झालं. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली, तिसरी हवानात झाली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर डोकं हलवायलाही बंदी असे. तिसऱ्या खेपेला तर वर्षभर अंथरुणात. मान हलवायची नाही, जोरात चावायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. एवढं सोसून शेवटी काय मिळालं, तर अधू दृष्टी. समोरचं थोडंफार दिसायचं, बाजूचं नाही. वय वाढत गेलं तसं तेही जवळजवळ विझलं.

त्या अंथरुणावर ती 'जिझेल' या बॅलेतली मुख्य भूमिका शिकली. बोटांनी. बोटं म्हणजे पाय. फर्नांदो रोज शेजारी बसून बोटांच्या हालचालींतून तिला भूमिका समजावायचा आणि ती त्या मनात नाचायची. ही गोष्ट सांगताना लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करतात. मला मात्र त्या शेजारी बसलेल्या माणसाची आठवण येते. वर्षभर रोज दुसऱ्यासाठी बोटं नाचवणं ही काय साधी चिकाटी आहे?

२ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये अलिशिया मार्कोव्हा या नर्तकीच्या जागी ऐनवेळी तिला 'जिझेल' नाचावं लागलं. त्या रात्रीनंतर ती भूमिका तिची झाली, ती पुढची पन्नासएक वर्षं.

आता मूळ प्रश्न. एका पायावर उभं राहा आणि डोळे मिटा. दहा सेकंदांत कळेल की तोल बराचसा डोळ्यांनी सांभाळला जातो. उरलेलं काम कानाच्या आतला भाग आणि तळव्यांखालची जमीन करते. मी हौसेनं थोडं बॅले शिकले होते तेव्हा एकदा डोळे मिटून पिरुएट, म्हणजे एका पायावरची गिरकी, घेऊन पाहिला. अर्ध्या गिरकीत बार, म्हणजे सरावाचा आडवा दांडा, हाताला लागला नसता तर दात गेले असते. गिरकी घेताना नर्तकी समोरचा एक बिंदू नजरेत धरते, अंग फिरलं तरी डोकं तिथेच ठेवते आणि शेवटी झटकन फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणते. आलोन्सोसाठी तो बिंदू म्हणजे एखादा प्रखर दिवा. रंगमंचाच्या ठरावीक जागी वेगवेगळ्या रंगांचे दिवे लावलेले असत. अमुक रंग फार जवळ आला म्हणजे पुढे वादकांचा खड्डा. कडेला कमरेच्या उंचीवर बारीक तार बांधत, असंही सांगतात.

पण दिवे हलत नाहीत, माणसं हलतात. जोडीदार इगोर युस्केविच असो नाहीतर आणखी कुणी, त्याला त्या क्षणी नेमकं तिथेच असावं लागायचं. वीतभर इकडेतिकडे चालत नसे. तसं पाहिलं तर बॅलेत कित्येकदा आधार पाठीमागूनच येतो, डोळस नर्तकीलाही तो दिसत नसतो. ती विश्वासावरच अंग सोडून देते. आलोन्सोनं तो विश्वास सगळ्या रंगमंचाकडून वसूल केला, एवढाच फरक. १९४७ मध्ये नृत्यरचनाकार बॅलनशिननं 'थीम अँड व्हेरिएशन्स' तिच्यावर आणि युस्केविचवर बेतलं. ती रचना इतकी वेगवान आणि काटेकोर आहे की चांगली नजर असलेल्यांचीही दमछाक होते. दयेपोटी कुणी असं काम देत नाही.

इथवर सांगितलं की ऐकणारे खूश होतात आणि मी थांबते. आज थांबत नाही.

१९४८ मध्ये तिनं फर्नांदो आणि त्याचा भाऊ आल्बेर्तो यांच्याबरोबर हवानात स्वतःची मंडळी काढली. १९५९ च्या क्रांतीनंतर फिदेल कॅस्ट्रोनं तिला २ लाख डॉलर दिले आणि पुढे तिचाच क्यूबाचा राष्ट्रीय बॅले झाला. साध्या घरांतली मुलं निवडून, फुकट शिकवून, जगभर नावाजले जाणारे नर्तक तिथून निघाले. त्या शिक्षणपद्धतीत फर्नांदोचा वाटा फार मोठा, पण नाव बहुतेक वेळा एकटीचंच घेतलं जातं. १९७० च्या दशकात दोघं वेगळे झाले आणि तो क्यूबातल्याच कामाग्वे शहराच्या बॅलेत गेला.

ती मात्र हलली नाही. १९९५ मध्ये, पंच्याहत्तरी महिन्याभरावर आलेली असताना, इटलीत शेवटचं नाचली. २०१९ मध्ये ९८ व्या वर्षी गेली तोवर संस्था तिच्याच नावानं चालत होती. मधल्या काळात कितीतरी तरुण नर्तकी मोठ्या भूमिकांची वाट पाहत विंगेत उभ्या राहिल्या. दौऱ्यावर गेलेले कित्येक जण परत फिरकलेच नाहीत. त्यामागे राजकारण होतं, पैसा होता, पण गुदमरणंही होतं, असं मला वाटतं. तिच्यासाठी नेमक्या जागी उभं राहायची सवय सगळ्यांना झाली होती, आणि तिला ती करून घ्यायची.

म्हणून तिच्या जुन्या 'जिझेल'चं चित्रीकरण लावलं की हल्ली मी दुसऱ्या अंकात तिच्याकडे पाहत नाही, जोडीदाराकडे पाहते. ती मागे झुकायच्या आधी अर्धा क्षण तो तिथे पोचलेला असतो, हात तयार ठेवून.