वीणा खाली ठेवायची नसते

कार्तिकी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती झाली आणि वद्य तृतीयेच्या पहाटे साडेचारला लालबागच्या देवळातून आमची दिंडी आळंदीला निघाली. ११० माणसं, सामानाचा एक टेम्पो, पाण्याचा एक. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग आणि वीणा, मागे तुळशीवाल्या. माझ्याकडे व्यवस्था होती: चहा, शिधा, मुक्कामाच्या जागा आणि वीणेच्या पहाऱ्याचा कागद. सहा वीणेकरी होते. चालताना एकेका तासाचा पहारा, मुक्कामी रात्री दोन तासांचा.

वीणा कशी देतात ते वारकऱ्याला सांगायला नको. तरी लिहितो, कारण या वेळी आठ दिवस माझं लक्ष त्याच्यावरच होतं. घेणारा दहा मिनिटं आधी हातपाय धुऊन, बुक्का लावून वीणेकऱ्याच्या डाव्या हाताला चालू लागतो. आधी नुसतं ऐकतो. चाल कुठली, ठेका किती चढलाय, कितवं चरण चाललंय, उन्हानं तार उतरली आहे का. मग आवाज मिसळतो. दोन चरणं दोघं मिळून म्हणतात. ध्रुपद आलं की देणारा मान झुकवतो, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो आणि पुढचं चरण देणाराच उचलतो. तेवढ्यात घेणाऱ्याला पट्टा सारखा करायला, तारेवर बोट बसवायला सवड मिळते. मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचे बुवा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतात. वीणा जमिनीला लागत नाही, भजन थांबत नाही.

काम बिघडतं ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, असं माझं मत आहे. कारखान्यात, दुकानात, इस्पितळात, स्वयंपाकघरात, कुठेही. एकट्या माणसाच्या हातातली चूक त्याची त्यालाच दिसते. दोन हातांच्या मधे पडलेली चूक कोणाचीच नसते, म्हणून ती पुढे जात राहते.

भारतमाता सिनेमा ओलांडताना टाळकऱ्यांतले एक काका रस्त्याच्या कडेला उभ्या टॉवरकडे बघत म्हणाले, इथं पाळी बदलायची. ते साचेवाले, म्हणजे कापडगिरणीत मागावर काम केलेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तिथपर्यंत साच्यावर होते. पाळी बदलताना साचा थांबवत नसत, ते सांगत होते. येणारा थोडा आधी यायचा, नुकतंच विणलेलं वीतभर कापड बोटांनी चाचपायचा, ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, कुठला भाग सारखा तुटतोय ते विचारायचा आणि कापडावर आपली खूण करायचा. खुणेच्या अलीकडचा दोष जाणाऱ्याचा, पलीकडचा येणाऱ्याचा. जाणारा निघायच्या घाईत असला तरी खूण केल्याशिवाय कोणी साचा ताब्यात घेत नसे. बदली कामगार तर जास्तच बारकाईनं बघायचा, कारण त्याला रोजच अनोळखी साचा मिळायचा. काका हे सांगत असताना टाळ एकदाही चुकला नाही.

दादरला दोघांना फुलबाजारात पाठवलं. तुळशीचे हार आणि आठ किलो झेंडू. झेंडू घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. तळाची फुलं गरम लागली तर माल रात्रभर दाबून बसलेला आहे. वरून केशरी दिसेल आणि दुपारी काळा पडेल. पाणी मारलेला माल वजनाला भरतो, म्हणून ओंजळभर घेऊन झटकून बघायचा. आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे यातलं काही करावं लागत नाही. तो पोतं स्वतःच ताडपत्रीवर उलटं करतो आणि मगच भाव बोलतो. त्याच्याकडे दोन पैसे जास्त पडतात. ते द्यावेत.

साडेदहाच्या सुमाराला चेंबूर स्टेशनाजवळ डब्यांची हातगाडी आडवी आली आणि आमच्यातला एकजण ओळीतून बाहेर पडून गाडीवाल्याला रामकृष्णहरी करून आला. तो स्वतः डबेवाला, खेडकडचा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली मुंबईत ही डबे पोचवायची रीत सुरू केली आणि आजही तिच्यातले बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नरकडचे वारकरी आहेत. चालता चालता त्यानं झाकणावरची खूण समजावली. मधला मोठा आकडा डबा उतरवायच्या स्टेशनाचा. कडेला पोचवणाऱ्या माणसाचा आकडा, इमारतीची अक्षरं, मजला. एका बाजूला जिथून डबा निघाला त्या स्टेशनाचं अक्षर. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही. डबा जाताना तीनचार हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला त्याच्यापुरतं तेवढंच वाचायचं असतं. लोकलमध्ये डबे चढवणाऱ्याला मजल्याशी कर्तव्य नाही, जिना चढणाऱ्याला निघालेल्या स्टेशनाशी नाही, ते परतीच्या वेळी लागतं. माझ्या मते यातली अक्कल कमी लिहिण्यात आहे. आपण कामाची चिठ्ठी लिहितो तेव्हा सगळ्यांसाठी सगळं लिहितो, आणि ज्याला जे हवं ते त्याला त्यात सापडत नाही.

वारीला यायचं म्हणून त्यानं आपल्या लाइनीवर बदलीवाला लावला होता. आठ दिवस आधीपासून त्याला फिरवला. पहिले तीन दिवस हा पुढे, बदलीवाला मागे. मग बदलीवाला पुढे, हा मागे, तोंड मिटून. चुकीच्या जिन्याला वळला तरच हाक मारायची. म्हणाला, सांगितलेलं राहत नाही, पायानं गेलेलं राहतं.

मानखुर्दच्या अलीकडची दुपार मात्र संपता संपत नव्हती. कार्तिक असला तरी ऊन भाद्रपदासारखं. सायन-पनवेल रस्त्याला सावली म्हणजे पुलाची, तीही रस्त्याच्या मधोमध. कंटेनरचे भोंगे इतके की मृदंग ऐकू येत नव्हता. मृदंगाच्या बायेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक वाळून आवाज फुटायला लागला म्हणून मृदंगवाले दर वीस मिनिटांनी ओला हात फिरवत होते. वाटेत एका मांडवातून पाण्याच्या बाटल्या वाटत होते, लाऊडस्पीकरवरून वाटणाऱ्यांची नावं घेत. दोन घोट पिऊन टाकलेल्या बाटल्या पुढे अर्धा मैल पायांखाली येत होत्या. राग आला. भजनात मन लागेना. त्यात उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, फोड आला आणि फुगला.

पुलाखाली एक चर्मकार काका बसले होते. मी लंगडत येताना त्यांनी लांबूनच पाहिलं. "माऊली, बसा. चप्पल द्या इकडं." पायाकडे त्यांनी बघितलंच नाही. चपलेत बोट घातलं, पट्ट्याच्या आतल्या बाजूनं सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबले. निघायच्या आधी तो पट्टा नवा शिवून घेतला होता. शिवणाऱ्यानं दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला ठेवली होती, मोहरीएवढी. दुकानात चार पावलं चालून ती कळत नाही. पंधरा किलोमीटरवर कळते. "शिवून झाल्यावर आत बोट घालायचं असतं," ते म्हणाले, "वरून चांगलंच दिसतं."

रापीनं त्यांनी तीन टाके उसवले. टोकं बाहेरच्या बाजूला ओढली, ऐरणीवर चप्पल चढवून शिवणीची उंची ठोकून सपाट केली, मेणदोऱ्यानं फिरून टाके घातले आणि गाठ बाहेर, पट्ट्याच्या दुमडीत लपवली. सोलची कडही सुटायला आली होती, ती मला ठाऊक नव्हती. ती घासून दोन्ही बाजूंना सोल्युशन पातळ लावलं आणि चप्पल बाजूला ठेवून दिली. मी घाई केली, दिंडी पुढे गेली होती. ते म्हणाले, दहा मिनिटं. बोटाला चिकटायचं थांबलं की मगच जोडायचं. ओल्यात जोडलं तर धरतं, पण संध्याकाळी सुटतं. ती दहा मिनिटं मी त्यांच्या सावलीत, त्यांच्या घडी केलेल्या पोत्यावर बसलो होतो. पुलाच्या सावलीचा तो तुकडा एका माणसापुरताच होता. ते केव्हाच उन्हात सरकून बसले होते, हे मला निघताना दिसलं.

फोडाचं आमच्या दिंडीतल्या ताईंनी केलं. त्या इस्पितळाच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. चालताना घासणार नसेल तर फोड फोडायचा नाही. घासणारच असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला, खालच्या अंगाला टोचायचं, पाणी दाबून काढायचं, वरची कातडी तशीच राहू द्यायची. मलम, गॉज, कागदी पट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आम्ही बंद केली आहे, कारण दोऱ्याबरोबर घाण आत जाते. मधुमेह असणाऱ्याच्या पायाला सुई लावायचीच नाही. त्याला टेम्पोत बसवून डॉक्टरकडे न्यायचं.

चर्मकार काकांनी पैसे घेतले नाहीत. उलट हातभर मेणदोरा आणि एक जाड सुई दिली. "पुढं कुणाचं तरी तुटेल."

वाशीला मुक्काम. ११० माणसांच्या एका जेवणाला १२ किलो तांदूळ, साडेपाच किलो तूरडाळ. भाकरी करायच्या तर किलोला आठ ते नऊ पडतात. चहा दहा लिटर: सहा लिटर दूध, चार लिटर पाणी, किलोभर साखर, पाव किलो पावडर. ही मापं दरवर्षीची, त्यात चूक होत नाही. चूक मिठाची झाली. आमटीला मीठ घालून एकजण हरिपाठाला उठला, दुसरा आला आणि त्यानं पुन्हा घातलं. पाणी वाढवलं, बटाटे टाकले, आमटी पातळ झाली, तरी खारटच. मंडळी काही न बोलता जेवली, त्याचंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: मीठ घातलं की मिठाचा डबा त्याच पातेल्याच्या झाकणावर ठेवायचा. झाकणावर डबा नाही म्हणजे मीठ नाही. पुढे एकदाही घोटाळा झाला नाही.

पनवेल, चौक, खोपोली. यांतलं काय कुठल्या दिवशी झालं ते आता वेगळं काढता येत नाही. एका पहाटे खूप दव होतं आणि पताका जड झाल्या होत्या, एवढं आठवतं.

खोपोलीच्या पुढे बोरघाटात आमचे थोरले बुवा वीणा सोडेनात. पहारा संपून पाऊण तास झाला, घेणारा पोरगा हात धुऊन, बुक्का लावून शेजारी चालतोय, बुवा त्याच्याकडे बघत नाहीत. त्यांना वाटत होतं चढावर चाल पोराला पेलणार नाही. मला मनातून फार चीड आली. कागदावर वेळ मी लिहिली होती, आणि बुवांना बोलायची कोणाची छाती नाही. शिंग्रोबाच्या देवळाच्या वरच्या वळणावर त्यांचा दम संपला. चरणाच्या मधेच त्यांनी पट्टा काढला आणि पोराच्या हातात दिला. पोराला चरण सापडेना, मृदंग एक आवर्तन नुसता वाजला, मग तोही थांबला. सगळ्या घाटात गाड्यांचाच आवाज. वीणा खाली लागली नव्हती, पण भजन तुटलं होतं.

मागून तुळशीवाल्या बायकांनी ते चरण उचललं. बरोबर जिथं तुटलं तिथून. डोक्यावर तुळस, मान ताठ, एका आवाजात. टाळकरी वळून बघायला लागले. पोरानं तार छेडली, बुवांनी रस्त्याच्या कडेला थांबून डोळे पुसले आणि पोराच्या पाया पडले. माझी चीड कुठे गेली कळलं नाही.

रात्री लोणावळ्याला बुवांनी स्वतः कागद मागून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. चढावर पहारा अर्ध्या तासाचा. आणि वीणा पायथ्याला किंवा सपाटीला द्यायची, दमल्यावर नाही.

कामशेतला एका मावशींचा पट्टा तुटला. मेणदोऱ्याचा अर्धा तिथं गेला. गाठ बाहेर घेतली, आत बोट फिरवून बघितलं. देहूला दर्शन, इंद्रायणीचा काठ धरून आळंदी. दशमीची संध्याकाळ, माणूस माणसाला चिकटलेलं. दर्शनाच्या बारीत नऊ तास. समाधीपाशी किती क्षण उभा होतो सांगता येणार नाही.

एकादशीचा उपवास द्वादशीला सोडला आणि डबेवाला त्याच रात्री मुंबईला निघाला. संजीवन समाधीच्या त्रयोदशीला थांबत नाही का, विचारलं. बाराशे शहाण्णव सालापासून माऊली इथंच आहेत, म्हणाला, आणि गिऱ्हाईक सकाळी नऊला डबा घेऊन दारात उभं असतं. चार दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं, लाइन त्यानं अजून पूर्ण ताब्यात घेतली नव्हती. या काळात दोन डबे वाढले होते, एक बंद झाला होता, एका इमारतीचा मागचा जिना दुरुस्तीला काढला होता. पहिले दोन दिवस बदलीवाला पुढे चालला आणि हा त्याच्या मागे.