मचाणावरची सकाळ: तिसरा हंगाम, सातवी बैठक

मिशिगनमध्ये धनुर्बाणाने हरणांची शिकार १ ऑक्टोबरला सुरू होते आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडला की जंगलाचा नूरच पालटतो, म्हणून नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा मी रजा टाकून राखून ठेवतो. शनिवारी पहाटे पावणेसहाला मी मचाणावर होतो. मचाण म्हटले की आपल्याला बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची प्राणिगणना आठवते. इथले मचाण म्हणजे ओकच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेली, १८ फुटांवरची एक लोखंडी खुर्ची. चढताना हार्नेसची दोरी जमिनीपासूनच अडकवायची आणि धनुष्य मात्र वर बसल्यानंतर वेगळ्या दोरीने ओढून घ्यायचे, हे दोन नियम मी पहिल्या वर्षी पाळले नव्हते आणि त्याबद्दल घरून जे ऐकून घेतले ते योग्यच होते.

वारा वायव्येचा होता. हरणे मक्याच्या शेताकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे मी पूर्वेच्या बाजूने आत शिरलो. पहाटेची थंड हवा उताराने खाली ओघळते आणि ऊन पडले की वर चढू लागते, तेव्हा माझा वास खालच्या ओढ्याकडे जाण्याची मुदत फार तर साडेआठपर्यंत होती. बाण सोडण्यास कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी आहे, पण त्या वेळी पानांआड काय हलते ते मला नीट दिसत नाही, म्हणून मी स्वतःपुरता आणखी वीस मिनिटे थांबतो.

७ वाजून ५० मिनिटांनी एक मोठी मादी ओकची फळे टिपत आली. गेल्या दोन्ही हंगामांत माझी चूक याच टप्प्यावर होत असे: ६२ पौंडांचे धनुष्य जाड कपड्यांत, बसल्या जागी ओढताना मी ते आधी आभाळाकडे उचलत असे आणि तेवढी हालचाल हरणाला पुरत असे. या वर्षी ताण ५४ पौंडांवर आणला आहे. तिचे डोके खोडाआड जाताच मी दोरी सरळ मागे ओढली आणि तिला काही कळले नाही. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

दुसरा बदल कमरेतून वाकण्याचा. २२ यार्डांवर एवढ्या उंचीमुळे अंतराच्या हिशेबात एका यार्डाहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे बाण वर जातो याचा दोष मी उंचीला देत होतो तो खोटा होता. केवळ हात खाली झुकवल्याने खांद्यांची ठेवण मोडत होती. घरामागच्या डेकवरून महिनाभर वाकून सराव केल्यावर चार बोटे वर जाणारे बाण आता मुठीएवढ्या जागेत बसतात.

मादी आडवी उभी राहिली खरी, पण मान ताठ आणि कान माझ्याकडे. माझा बाण सेकंदाला सुमारे २५५ फूट जातो, म्हणजे त्या ६६ फुटांना त्याला पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र त्याच्या चौपटीहून अधिक वेगाने पोहोचतो. उरलेल्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सावध हरीण उडी घेण्यासाठी खाली दबते, आणि फुप्फुसांवर धरलेला बाण पाठीत बसतो. जखमी जनावर रानात हरवण्यापेक्षा रिकामे परतणे बरे, म्हणून चाळीसएक सेकंद धरून ठेवल्यावर मी दोरी सैल केली. तेवढ्यात बाण टेकणीवर खट्कन वाजला, ती फुरफुरली आणि पांढरी शेपटी उभारून पसार झाली.

आज टेकणीला पातळ फेल्ट चिकटवले आहे. वारा पश्चिमेचा राहिला तर बुधवारी पुन्हा त्याच झाडावर बसणार आहे.