तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नच्या जोकवर मी का हसत नाही

"तू आधी किती धमाल होतीस गं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक देता येईल. दरवेळी तेच होतं. कुठलीतरी मोठी सर्व्हिस बंद पडते, पाच मिनिटांत ग्रुपवर मीम्सचा पाऊस, त्यात "इंटर्नने शुक्रवारी डिप्लॉय केलं" (म्हणजे नवा कोड चालू सिस्टिमवर चढवला) वालं एक असतंच असतं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या इमोज्यांची रांग, आणि मग कोणीतरी मला टॅग करतं. काय गं, गप्प का? असले जोक तर तूच टाकायचीस.

हो, मीच टाकायचे. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कोड साठवायच्या साइटच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, ३०० जीबीच्या आसपास डेटा होता, त्याच्या लक्षात येईपर्यंत साडेचार जीबी उरला होता, आणि मग कळलं की बॅकअपच्या एकावर एक रचलेल्या सोयींपैकी एकही धड चालत नव्हती. त्या रात्री मी ग्रुपवर ओळीने किती जोक टाकले ते मला आजही आठवतं. ती माणसं तिकडे रात्रभर रिकव्हरी करत होती, ते सगळ्यांना दिसेल असं थेट दाखवत होती, आणि मी ते एका खिडकीत लावून दुसऱ्या खिडकीत मीम बनवत होते. तुम्ही सगळे हसलात, मला फार भारी वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

आणि आधीच सांगते, मी जोकच्या विरोधात नाहीये. उलट आमच्या धंद्यात अर्धं शिक्षण जोकमधूनच होतं. "शेवटी डीएनएसच असतं" (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) हा जोक मी ज्या वर्षी नोकरीला लागले त्या वर्षी ऐकला आणि त्यानंतर किमान तीन वेळा, बाकी सगळे कोडमध्ये डोकं खुपसून बसलेले असताना, मी फक्त त्या जोकमुळे आधी डीएनएस बघितलं आणि तिथेच घोळ सापडला. "बंद करून चालू करून बघितलंस का" यावर जग हसतं, पण बंद करून चालू केल्यावर मेमरीत साचलेला सगळा गोंधळ खरंच पुसला जातो, मशीन माहीत असलेल्या जागेपासून परत सुरू होतं, म्हणून तर ते चालतं. हे जोक मला अजूनही आवडतात. शुक्रवारी डिप्लॉय करू नये हाही आवडतो, कारण शनिवारी दुरुस्त करायला माणूस सापडत नाही हे त्यात आहेच.

माझं जमत नाही ते फक्त त्या इंटर्नशी.

आता तो प्रसंग. तुमच्यातल्या दोघांना अर्धवट माहितीये, बाकीच्यांना मी कधीच सांगितलेला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, त्याचंही घेत नाही.

कॉलेजमधून थेट आलेला मुलगा होता, पहिले पंधरा दिवस मला "तुम्ही" म्हणायचा, मीच सांगून सांगून "तू" वर आणला. त्याला मी एक काम दिलं होतं, टेस्ट सर्व्हरवरचा जुना डेटा साफ करायचं. त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, होती, माझीच, आणि ती कशी चालवायची त्याची माहितीही मीच लिहिलेली. त्यात एक ओळ होती, "सर्व्हरचं नाव दिलं नाही तरी चालेल, आपोआप टेस्टवरच जाईल." त्याने ती माहिती नीट वाचली, नाव दिलं नाही, एंटर मारलं. स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर गेली, म्हणजे ग्राहकांचा खरा डेटा असलेल्या सर्व्हरवर.

मी त्याच्या मागेच बसायचे. मला आधी खुर्चीचा आवाज आला. तो मागे सरकला होता आणि दोन्ही हात कीबोर्डपासून लांब, हवेत, जसं काही तव्याला लागलेत. स्क्रीनवर ओळी पळत होत्या, एकेका टेबलचं नाव आणि पुढे किती नोंदी उडाल्या तो आकडा. टेस्टवर ते आकडे शेकड्यात असतात, इथे लाखात होते. मी उडी मारून कंट्रोल-सी दाबलं, चालू कमांड थांबवायला. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

रात्री दोनपर्यंत आम्ही बॅकअपमधून परत आणलं, चार तासांचा डेटा गेला तो गेलाच, त्यातला काही ग्राहकांना पाठवलेल्या ईमेलवरून हाताने भरला. तो मुलगा त्या सगळ्या वेळात एका कोपऱ्यात उभा होता, बस म्हटलं तरी बसेना. दर थोड्या वेळाने विचारायचा, मी काय करू? आणि मी म्हणायचे, काही करू नकोस. मला वाटत होतं मी त्याला धीर देतेय.

दोन वाजता सगळे गेल्यावर मी ती स्क्रिप्ट उघडली, कारण माझ्या डोक्यातून जात नव्हतं की नाव दिलं नाही तर ती टेस्टवर जायला हवी होती. उघडली तर त्या ओळीत प्रॉडक्शनचं नाव. मग गिट ब्लेम चालवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, कोडची कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी ती कमांड आहे, नावातच "दोष द्या" असं आहे. ओळीपुढे माझं नाव होतं. अकरा दिवसांपूर्वीची तारीख. बदलाचं कारण म्हणून मी लिहिलेला एकच शब्द, "तात्पुरतं". मला प्रॉडक्शनवर एक चाचपणी करायची होती, सारखं नाव टाईप करायचा कंटाळा आला म्हणून डीफॉल्ट, म्हणजे नाव न दिल्यास आपोआप धरलं जाणारं नाव, बदललं, आणि परत फिरवायचं विसरले. आणि खरंच करायचं आहे का असं विचारणारी एक ओळसुद्धा मी त्या स्क्रिप्टमध्ये कधी टाकली नव्हती.

मी ती ओळ बदलून पूर्वीसारखी केली. कारण लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती".

यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातलाय. कोणी मला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. सगळी नोंद गिटमध्ये होती, कोणीही बघू शकत होतं, हेही खरं आहे, मी काही पुसलं नव्हतं. त्याने नाव द्यायलाच हवं होतं, धोक्याच्या कमांडला डीफॉल्टवर सोडायचं नसतं, हे त्या वेळी मला अगदी मनापासून वाटलं होतं आणि थोडंसं अजूनही वाटतं. पण घटनेचा अहवाल मीच लिहिला. "मूळ कारण" या रकान्यात मी लिहिलं, मानवी चूक. तो माणूस म्हणजे तो, असंच सगळ्यांनी वाचलं आणि मी तसंच वाचू दिलं.

पुढचं मला अहवालापेक्षा जास्त लागतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे दबलेले होते, आणि मी, नेहमीसारखी, वातावरण हलकं करायला निघाले. त्याच्या नावाचं क्रियापद केलं. म्हणजे कोणी काही मोडलं की "याने अमुक केलं बघ", अमुकच्या जागी त्याचं नाव. पाच मिनिटांत सगळ्या मजल्यावर झालं. मग त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो जळणाऱ्या सर्व्हर रूमवर चिकटवून एक स्टिकर बनवलं, तेही मीच. आणि तोही हसला! हे तुम्ही मला दरवेळी ऐकवता, की मनावर घेतलं नाही तर काय बिघडतं. त्याने मनावर घेतलंय असं कधीच दाखवलं नाही. स्वतःहून ते स्टिकर वापरायचा. नवीन माणसं आली की स्वतःची ओळख करून देताना तोच किस्सा सांगायचा, आमच्याआधी.

चारेक महिन्यांनी एक दिवस त्याने मला हाक मारली, एकदा बघतेस का? मी गेले. स्क्रीनवर त्याने दोन अक्षरं टाईप केली होती, एल आणि एस. एलएस, म्हणजे या फोल्डरमध्ये कुठल्या फाईल आहेत ते दाखव. या कमांडने काही बिघडूच शकत नाही, ती फक्त यादी दाखवते. बाजूला वहीत ती पेनाने लिहिलेली होती आणि पुढे बरोबरची खूण. त्याचं बोट एंटरच्या वर होतं आणि दाबलं जात नव्हतं. म्हणाला, बरोबर आहे ना? मी म्हटलं, अरे एलएस आहे. म्हणाला, हो हो, माहितीये, पण तू एकदा हो म्हण. मी हो म्हटलं. मग त्याने दाबलं.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली, दुसरीकडे टेस्टिंगमध्ये गेला, आणि निरोपाच्या ईमेलला तिघांनी उत्तर दिलं की जाताना काही डिलीट करू नकोस.

नंतर कधीतरी मी ॲमेझॉनचा जुना अहवाल वाचला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांची एसथ्री नावाची साठवणुकीची सेवा कोलमडली आणि निम्मं इंटरनेट अडकल्यासारखं झालं, त्याचा. मी त्यावरही जोक केले होते, एका टायपोने जग बुडवलं वगैरे. अहवालात लिहिलंय की ज्याला अधिकार होता अशा माणसाने ठरलेल्या पद्धतीतलीच कमांड चालवली, त्यातली एक माहिती चुकीची पडली, आणि ठरवलं होतं त्याहून बरेच जास्त सर्व्हर निघून गेले. आणि दुरुस्ती काय केली? त्या माणसाचं काही केलं असं कुठेच नाही. टूल बदललं. आता ते सर्व्हर हळूहळू काढतं, आणि गरजेपेक्षा कमी उरणार असतील तर काढूच देत नाही. हे वाचताना मला माझी स्क्रिप्ट दिसत होती. गिटलॅबने त्यांच्या माणसाला जाहीर नोंदीत "टीम-मेंबर-१" म्हटलं. मी आमच्या टीम-मेंबरचं क्रियापद केलं.

मग मी बघायला लागले तर सगळीकडे हेच. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक सहा तास गायब झालं, ज्या कमांडने ते झालं ती अडवायला एक तपासणी करणारं टूल होतं आणि त्या टूलमध्येच बग होता. २०२४ च्या १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन निळा एरर स्क्रीन दाखवून बंद पडली, तेव्हाही "पहिला दिवस, पहिलं अपडेट" वाला बनावट फोटो तुम्ही सगळ्यांनी फिरवला, काहींनी तर खराच मानला. खरं कारण असं होतं की एका ठिकाणी २१ माहित्या अपेक्षित होत्या आणि दिल्या जात होत्या २०, तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ते पास केलं, आणि ती फाईल थोड्याथोड्या मशीनवर न पाठवता एकदम सगळीकडे गेली. यात इंटर्न कुठे आहे मला दाखवा. आणि इंटर्न सोयीचा कोणाला असतो तेही बघा, २०२१ मध्ये अमेरिकन संसदेच्या सुनावणीत सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या माजी प्रमुखांनी "सोलरविंड्स१२३" या पासवर्डचं खापर एका इंटर्नवर फोडलं होतं. तो पासवर्ड चालू देणारी यंत्रणा कोणाची होती हे विचारायच्या आधी लोकांना हसायला एक तोंड मिळालं. मीही तेच केलं होतं, फक्त माझी संसद म्हणजे आमचा मजला.

तीन वर्षांनी मी त्याला मेसेज केला. सगळं लिहिलं, ती ओळ, ती तारीख, "तात्पुरतं", "किरकोळ दुरुस्ती", अहवाल. चार वेळा खोडून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळी उत्तर आलं. शब्द एकही नव्हता, फक्त ते स्टिकर. त्याचाच फोटो, मागे जळणारी सर्व्हर रूम.

मी ते कितीतरी वेळा बघितलंय. जाऊ दे, विसर, असं म्हणतोय की हे बघ तू काय केलंस, मला कळत नाही. गिट ब्लेम त्यानेही त्याच वेळी चालवलं असेल का, हेही कळत नाही, चालवायला दोन सेकंद लागतात आणि तो हुशार होता. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल की तुझ्या एका अपराधासाठी आम्ही का हसायचं बंद करायचं. नका करू. ग्रुपवर मीम टाकणाऱ्याने कोणाचा अहवाल लिहिलेला नसतो, कोणाची ओळ बदललेली नसते, हे मला कळतं. आणि मागे तुमच्यातल्याच एकाने म्हटलं होतं की आउटेजच्या, म्हणजे सर्व्हिस बंद पडल्याच्या, रात्री जोक नसते तर तो वेडाच झाला असता, तेही मला पटतं, मी स्वतः तशा रात्री काढल्यात. वस्तूंवर हसा, माणसांवर नको असं काहीतरी मी मधे म्हणायला लागले होते, पण ते टिकत नाही, कारण तो मुलगा स्वतःवरच हसत होता आणि ते हसू त्याला उपयोगी पडत होतं की खात होतं हे मी रोज सहा फुटांवर बसूनही सांगू शकले नाही.

तर डीएनएसवर टाका, मी पहिली हसेन. इंटर्नचं टाकलंत तर मी काही बोलणार नाही, गप्प असेन, आणि टॅग करून विचारू नका. मला त्या वेळी दोन अक्षरं दिसत असतात आणि त्यांच्यावर थांबलेलं एक बोट.